रोमन किल्ल्याखालची डेशियन वस्ती : जाळली, सोडली की हलवली?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही रोमानियाच्या सहलीत सीमेवरचा एक रोमन किल्ला पाहिलात. फलकावर 'आधीच्या डेशियन वस्तीवर उभारलेला' असं लिहिलं होतं. डेशियन म्हणजे रोमनांच्या आधी आजच्या रोमानियात राहणारे लोक. वाटाड्याने सांगितलं की रोमनांनी वस्ती जाळली, माणसं कापून काढली आणि त्याच राखेवर किल्ला बांधला. पुढे संग्रहालयात गेलात, तर किल्ल्याच्या आतून निघालेला एक डेशियन पेला काचेमागे ठेवलेला. मग लोक मेले की राहिले? आणि हे सगळं मातीवरून ओळखतात तरी कसं?

रोमन सीमेवरच्या उत्खननांत थर आणि खापरं बघणं हेच माझं रोजचं काम आहे. थर वाचायला मात्र मी महाराष्ट्रात, सातवाहनकालीन पांढरीच्या टेकाडांवर शिकले. दोन्हीकडे मातीचा नियम एकच. खालचं आधीचं, वरचं नंतरचं, एवढं माती छातीठोकपणे सांगते. दोहोंच्या मध्ये किती काळ गेला आणि काय घडलं, हे ती आपणहून सांगत नाही. तुमचा खरा प्रश्न त्या मधल्या जागेचा आहे. वस्ती नांदती असताना किल्ला आला, की वस्ती उठून गेल्यावर? उठली असेल तर कोणी उठवली? आणि तीच जागा पुन्हा का निवडली गेली? हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. वाटाड्याची गोष्ट या सगळ्यांना एकाच वाक्यात गुंडाळते, म्हणून ती ऐकायला पक्की वाटते.

तुम्ही नेमका कुठला किल्ला पाहिलात हे लिहिलेलं नाही, आणि बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. फरक लक्षात यावा म्हणून तीन जागा समोर ठेवते.

पहिली सार्मिझेजेटुसा रेजिया, डेशियनांचा राजा डेसेबॅलस याची राजधानी. ओरश्तिये डोंगरात, सुमारे 1,000 मीटर उंचीवर, उतार कापून काढलेल्या सपाट पायऱ्यांवर वसलेली. इथे रोमन सैन्याने अक्षरशः त्याच जागी मुक्काम ठोकला. चौथ्या फ्लाविया फेलिक्स लीजनची (लीजन म्हणजे रोमन सैन्याचं मोठं पथक) तुकडी इथे होती. सैन्याने जुना तट दुरुस्त केला, त्याची हद्द वाढवून सुमारे 3 हेक्टरांवर नेली आणि त्यासाठी लागणारे दगड शेजारच्या पवित्र आवारातून उचलले. आज दिसणाऱ्या तटाचा मोठा भाग या रोमन काळातल्या बांधकामाचा आहे, असं अनेक संशोधक मानतात. त्यात डेशियन मंदिरांच्या खांबांचे तुकडे चिणलेले आहेत. मंदिर पाडल्याशिवाय त्याचा खांब तटात जात नाही, त्यामुळे इथे क्रमाबद्दलही शंका उरत नाही आणि हेतूबद्दलही फारशी नाही.

दुसरी जागा पोरोलिसम, आजच्या मोइग्राद गावाजवळ, मेसेश डोंगररांगेतल्या खिंडीच्या तोंडावर. ही खरीखुरी सीमेवरची जागा. इथे डेशियन वस्ती मगुरा टेकडीवर होती आणि रोमन किल्ला आला तो शेजारच्या पोमेत टेकडीवर. म्हणजे वस्तीच्या जागेचा वारसा मिळाला, पण पायाखालची माती तीच नव्हती. पर्यटकांच्या पुस्तकांत या दोन टेकड्यांचं सर्रास एक होऊन जातं.

तिसरी जागा बरबोश, गालाची शहराच्या कडेला, सिरेत नदी डॅन्यूबला मिळते त्याच्या जवळची टेकडी. इथे डेशियन तटबंदीची वस्ती होती आणि तिच्याच माथ्यावर रोमनांनी छोटा किल्ला बांधला. पण ही जागा डेशिया प्रांतात येतच नव्हती. इथलं सैन्य लोअर मीशिया या शेजारच्या रोमन प्रांताचं होतं, त्याचं लक्ष नदीवर होतं आणि विटा-कौलांवर तिथल्या लीजनांचे आणि डॅन्यूबवरच्या आरमाराचे शिक्के मिळतात.

तीन जागा, तीन वेगळी नाती. 'डेशियन वस्तीवरचा रोमन किल्ला' हे एकच वर्णन तिन्हींना चिकटवता येतं, म्हणून फलकावरच्या ओळीवर मी फार भिस्त ठेवत नाही.

आता काळाचा सांगाडा. रोमन सम्राट ट्रेजनने डेशियाशी दोन युद्धं केली, इ.स. 101–102 आणि 105–106. पहिल्या युद्धानंतरच्या तहात डेसेबॅलसला स्वतःचे गड पाडून टाकण्याची अट घालण्यात आली. दुसऱ्या युद्धाच्या शेवटी त्याने स्वतःला संपवलं आणि डेशिया रोमन प्रांत झाला. म्हणजे गड पाडणं, पेटवणं, सोडून जाणं, परत येऊन डागडुजी करणं आणि पुन्हा पडणं, हे सगळं पाच-सहा वर्षांत उरकलं. कार्बन-14 च्या कालमापनात काही दशकांची चूक धरूनच चालावं लागतं. कोळशाच्या एका तुकड्यावरून 102 आणि 106 यांतला फरक कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही. एखाद्या लेखात 'कार्बन चाचणीनुसार ही वस्ती ट्रेजनच्या दुसऱ्या युद्धात जळाली' असं वाचलंत, तर वर्ष इतिहासाच्या पुस्तकातून आलंय आणि चाचणीच्या नावावर खपवलंय असं खुशाल समजा.

नाण्यांचीही अशीच अडचण आहे. रोमन प्रजासत्ताकाची चांदीची दिनारी नाणी डेशियात युद्धाच्या कितीतरी आधीपासून चलनात होती, आणि डेशियन त्यांच्या हुबेहूब नकलाही पाडत. अशा नकलांचे ठसे खुद्द सार्मिझेजेटुसा रेजियात आणि तिलिश्का इथे सापडले आहेत. त्यामुळे खालच्या थरात रोमन नाणं मिळालं म्हणून तिथे रोमन माणूस होता असं होत नाही. नाणं एवढंच सांगतं, की थर त्या नाण्यापेक्षा जुना नाही.

मग आम्ही बघतो कुठे? माझ्या अनुभवात सर्वांत बोलकी जागा म्हणजे किल्ल्याच्या मातीच्या तटाचा तळ.

हे जरा तपशिलात सांगते, कारण कळीचा मुद्दा इथेच आहे. सीमेवरचे बहुतेक रोमन किल्ले आधी माती आणि लाकडाचे होते. सैन्य आलं की आधी खंदक खणायचं. त्याचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि तळाशी अनेकदा फावड्याच्या रुंदीची चौकोनी नाळ. खंदकातली माती आतल्या बाजूला टाकून तट रचायचा. ज्या दिवशी तट रचला, त्या दिवशी त्याखालची जमीन जशी होती तशी बंद झाली. पुढे दीडशे वर्षं किल्ल्याच्या आत खोदकाम, दुरुस्त्या, नव्या बराकी असं चालूच राहिलं आणि तिथले जुने थर उकरले गेले. तटाखालची पट्टी मात्र बहुधा शाबूत राहते. म्हणून आम्ही तटाला आडवा चर घेतो आणि छेदात ती पट्टी शोधतो.

तिथे चोपलेली जमीन, चुलीची राख, फुटलेल्या रांजणाचे एकमेकांना जुळणारे तुकडे, आणि त्यावर थेट तटाची माती बसलेली असेल, तर मध्ये फारसा काळ गेलेला नाही. वस्ती नांदती असताना किंवा नुकतीच उठल्यावर सैन्य आलं. उलट जमिनीवर काळसर, भुसभुशीत मातीचा थर असेल, त्यात मुळांच्या खुणा आणि गांडुळांची बिळं दिसत असतील, तर तिथे गवत-झुडूप वाढून गेलं होतं. मातीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि परागकण तपासले, की हे आणखी पक्कं होतं.

यातही एक खोच आहे. रोमन सैनिक तट रचण्यासाठी गवताची मुळांसकट ढेकळं कापून विटांसारखी वापरत. त्यांनी ती त्याच जागेवरून कापली असतील, तर मधला काळसर थर त्यांनीच उचलून नेलेला असतो. अशा छेदात जुनी जमीन आणि तट एकमेकांना भिडलेले दिसतात आणि मध्ये काळ गेलाच नाही असं वाटतं. म्हणून तटाच्या पोटातली ढेकळंही तपासावी लागतात. त्यांत बरीच जाड, मुरलेली माती असेल तर जागा काही वर्षं ओस होती हे उघड होतं. नुसता तळ पाहून निकाल देणाऱ्याला मी पुन्हा छेदाकडे पाठवते.

पर्यटकाच्या नजरेत न येणारी आणखी एक गोष्ट. तुम्ही जो दगडी दरवाजा पाहता आणि ज्याचा फोटो काढता, तो सहसा पहिला किल्ला नसतोच. पोरोलिसमच्या पोमेतवरचा किल्ला प्रांत जिंकल्यानंतर लगेचचा, माती-लाकडाचा. त्याच्या दगडी दरवाज्यांवरचे लेख 213 सालचे, सम्राट काराकालाच्या काळातले आहेत. विजयाला तेव्हा शंभरावर वर्षं उलटली होती. तोवर सम्राट सेप्टिमियस सेव्हरसने किल्ल्याभोवतीच्या गावाला नगराचा दर्जा दिला होता आणि अँफिथिएटर 157 मध्येच लाकडाचं दगडी झालं होतं. दगडी भिंत आणि डेशियन राख यांच्या मध्ये तिथे शिपायांच्या तीन-चार पिढ्या उभ्या आहेत. 'राखेवर दगड रचले' हे चित्र मनात भरतं खरं, पण पोरोलिसमला ते लागू पडत नाही.

आता जाळपोळीकडे येऊ, कारण वाटाड्याच्या गोष्टीचा सगळा भार तिच्यावर आहे.

जळलेला थर आम्हाला खूप वेळा मिळतो. कुडाच्या भिंतींचं लिंपण आगीत भाजून विटकरी होतं आणि त्यावर फांद्यांचे ठसे तसेच राहतात. ते हातात घेतलं की पाहणाऱ्याला लगेच युद्ध दिसू लागतं. पण लाकडाची आणि गवताची घरं युद्धाविनाही जळतात. ट्रेजनच्या युद्धाबद्दल तर दुसराही एक पुरावा डोळ्यांसमोर आहे. रोममध्ये 113 साली उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावर रोमन सैनिक वस्त्यांना आगी लावताना कोरलेत, आणि त्याच स्तंभावर डेशियन स्वतःच आपल्या इमारतींना मशाली लावतानाही दिसतात. विजेत्याने उभारलेलं स्मारकसुद्धा आग दोन्ही बाजूंनी लागली असं दाखवतं. तिसरी शक्यता साफसफाईची. रिकामी घरं सैन्याने पेटवून जागा मोकळी केली, त्यात माणसं नव्हती.

फरक कसा करायचा? मी आधी घरात काय उरलं होतं ते बघते. धान्याने भरलेले रांजण, कुऱ्हाडी, जात्यांच्या तळी, चुलीवरचं भांडं असं सगळं जागच्या जागी जळालं असेल, तर माणसं घाईत पळाली किंवा पळूच शकली नाहीत. घर झाडून रिकामं केलेलं असेल, दाराच्या लोखंडी पट्ट्यासुद्धा काढून नेलेल्या असतील, तर आग निघून गेल्यानंतरची आहे. मग आग किती पसरली ते बघायचं. एका टोकाची चार घरं जळाली आणि बाकी वस्ती तशीच असेल, तर लष्करी मोहिमेची गोष्ट तिथे बसत नाही. बाणांची टोकं, भिंतीत घुसलेले लोखंडी बोल्ट (यंत्राने मारलेले जाड बाण), न पुरलेली माणसं हे मिळालं तर हल्ला म्हणायला जागा आहे. नुसत्या राखेवर मी ते म्हणत नाही.

इथे मला ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांची आठवण काढावीशी वाटते, कारण आमच्या शिक्षणाची एक मुळी त्यांच्यापर्यंत जाते. वेल्समधल्या सेगोंटियम आणि ब्रेकन गेअर या रोमन किल्ल्यांवर त्यांनी 1920 च्या दशकात काम केलं. त्यांची थर वाचण्याची पद्धत रोमन सीमेवर घासूनपुसून तयार झालेली. 1934–37 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या लोहयुगीन गडावर उत्खनन केलं आणि त्या उत्खननात ह. धी. सांकलिया विद्यार्थी म्हणून सहभागी झाले होते. पुढे सांकलियांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या पिढ्या घडवल्या, आणि व्हीलर स्वतः 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक म्हणून इथे आले. आखीव चौकोनी चर, मध्ये सोडलेले बांध, छेदावर लावलेल्या थरांच्या चिठ्ठ्या या सगळ्या शिस्तीचं ऋण मी मनापासून मानते.

पण त्याच मेडन कॅसलच्या पूर्व दरवाज्यात व्हीलरना राखेचा थर आणि जखमा असलेले सांगाडे मिळाले, आणि त्यांनी रोमन सेनापती व्हेस्पेशियनच्या लीजनने गड मारला, कत्तल केली, अशी रोमांचक कथा लिहिली. 1985–86 मध्ये तिथे पुन्हा उत्खनन झालं. ती दफनभूमी दीर्घकाळ वापरातली होती, आणि राख लोखंड घडवण्याच्या कामातली होती, असं दिसलं. काही माणसं हिंसेत मेली हे खरं, पण एका लढाईची ती कथा उभी राहिली नाही. इतक्या काटेकोर माणसालाही राखेवर रोमन सैन्य दिसलं, ते इतिहासाचं पुस्तक आधीच डोक्यात होतं म्हणून. डेशियात हा मोह दुप्पट असतो, कारण इथे युद्ध झालं होतं यात वादच नाही.

मगुरा टेकडीचंही थोडं असंच झालं. तिथे खणलेले पुष्कळ खड्डे मिळाले, त्यांत राख, खापरं, हाडं. सुरुवातीच्या उत्खननकर्त्यांनी ती दहन करून पुरलेल्यांची स्मशानभूमी मानली. पुढे त्या खड्ड्यांचा अर्थ विधींशी आणि वस्तीशी जोडला जाऊ लागला. एकच पुरावा, पण 'मेलेल्यांची टेकडी' म्हणून वाचला की एक इतिहास आणि 'जगणाऱ्यांची टेकडी' म्हणून वाचला की दुसरा.

आतापर्यंतचं हाताशी धरा: क्रम नक्की, मधला काळ तटाच्या तळाशी, आणि आगीचा कर्ता घरातल्या वस्तूंवरून. आता तुमचा पेला.

डेशियन पेला ओळखायला अवघड नाही. चाकाविना, हाताने घडवलेला, जाड अंगाचा, तळाशी अरुंद आणि तोंडाशी पसरट, एक कान, कधी दोन. माती भरड, कणीदार. पृष्ठभागावर बोटांच्या दाबाचे उंचवटे हाताला लागतात. पुष्कळ पेल्यांच्या आत काजळी असते, कारण ते पिण्यापेक्षा दिवा किंवा धुपाटणं म्हणून वापरले जात. रोमन सैन्याची भांडी चाकावरची, पातळ, एकसारखी. दोन्ही शेजारी ठेवली तर नवखा माणूसही वेगळी काढेल.

असा पेला रोमन किल्ल्यात मिळाला तर लोक राहिले असं म्हणायचं का? मी तीन गोष्टी तपासते. एक, तो कुठल्या मातीत होता. खंदक जुन्या वस्तीतून खणला गेला असेल तर वस्तीचीच खापरं तटाच्या भरावात जातात. तिथे मिळालेलं डेशियन खापर 'रोमन थरात' असतं, पण ते आधीच्या पिढीचं. ते लहान, कडा झिजलेलं, एकटंदुकटं असतं. हाच पेला बराकीच्या जमिनीवर, चुलीजवळ, जुळणाऱ्या तुकड्यांसह आणि रोमन भांड्यांसोबत मिळाला, तर तो त्या बराकीत वापरला जात होता. दोन, काजळी कुठे आहे आणि फुटलेल्या कडेवरही आहे का. कडेवर असेल तर फुटल्यानंतर तो आगीत पडला. तीन, थर रोमन काळातल्या नेमक्या कोणत्या टप्प्याचा.

तिसऱ्या मुद्द्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो की सम्राट कॉमोडसच्या राज्यारंभी, म्हणजे 180 च्या सुमारास, प्रांताबाहेरच्या 12,000 डेशियनांना रोमन डेशियात जमीन देण्याचं वचन दिलं गेलं. मग दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या थरातला हातघडणीचा पेला जुन्या रहिवाशांच्या नातवाचा, की सीमेपलीकडून नुकत्याच आलेल्या कुटुंबाचा? पेला बघून हे सांगता येत नाही. 110 च्या आसपासच्या थरातला असेल तर पारडं पहिल्याकडे झुकतं.

'सगळे मेले' या समजाचं मूळही सांगते. युट्रोपियस नावाच्या लेखकाने लिहून ठेवलंय की डेसेबॅलसच्या दीर्घ युद्धात डेशियातले पुरुष संपले होते, म्हणून ट्रेजनने साम्राज्यभरातून लोक आणून वसवले. युट्रोपियस चौथ्या शतकातला, घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी लिहिणारा. बाहेरून लोक आले हे मात्र लेखांवरून स्वच्छ दिसतं. पोरोलिसमला मिळालेल्या 106 सालच्या कांस्यपत्र्यावर मार्कुस उल्पियुस नोव्हान्टिको या ब्रिटन तुकडीतल्या शिपायाला नागरिकत्व दिल्याची नोंद आहे. तो राटे, म्हणजे आजच्या लेस्टरचा. त्याच किल्ल्याजवळ सीरियातल्या पाल्मिराचे धनुर्धारी होते आणि त्यांचा देव बेल याचं मंदिरही.

डेशियन पुरुषांचं काय झालं, याचा एक पुरावा मला नेहमी थांबवून ठेवतो. इजिप्तच्या पूर्व वाळवंटात, नाईलपासून तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटांवर रोमनांच्या छोट्या चौक्या होत्या. तिथे खापरांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या मिळाल्या, युद्धानंतरच्या दशकांतल्या. त्यांत डेकेबालोससारखी अस्सल डेशियन नावं आहेत. तरुणांना सैन्यात भरून घरापासून जमेल तितकं लांब पाठवलं गेलं. याच वाटांनी भारताचा माल नाईलकडे जात होता. सोपारा, कल्याण, भडोच या बंदरांशी व्यापार करणारी गलबतं त्याच बंदरांतून सुटत. म्हणजे कार्पेथियन डोंगरातली पोरं आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाची राखण करत उभी होती. तिकडे ब्रिटनमध्ये, हेड्रियनच्या भिंतीवरच्या बर्डोस्वाल्ड किल्ल्यात डेशियनांची तुकडी होती, आणि तिथल्या एका थडग्यावर लहानग्याचं नाव आहे डेसिबालुस. पराभूत राजाचं नाव रोमन छावणीत बाळाला ठेवलं जात होतं.

म्हणून 'मेले की राहिले' यात मी निवड करणार नाही. काही मेले, काही गुलाम झाले, काही सैन्यात गेले, काही गावं डोंगरमाथ्यावरून खाली सपाटीवर आली. प्रमाण जागेगणिक बदलतं. माझं मत विचाराल तर, राजधानीच्या डोंगरात हकालपट्टी ठरवून आणि कठोरपणे झाली. रोमन तुकडीसुद्धा तिथे फार काळ राहिली नाही, आणि नवी राजधानी सुमारे 40 किलोमीटरवर हात्सेगच्या सपाटीत वसवली गेली. बाकी प्रांतात खेड्यापाड्यांतून जुने लोक टिकून राहिले असावेत, कारण सुरुवातीच्या थरांतली हातघडणीची खापरं सगळीच भरावातली म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

ऑनलाइन वाचताना एक सावधगिरी. डेशियन टिकले की नाही, हा रोमानिया आणि हंगेरी यांच्यात ट्रान्सिल्व्हेनियावरून चाललेल्या जुन्या वादाचा भाग आहे. 1980 मध्ये तर रोमानियात डेशियन राज्याची 2,050 वर्षं सरकारी थाटात साजरी झाली. त्यामुळे 'सगळे टिकले' म्हणणारा लेखही मिळेल आणि 'कोणीच उरलं नाही' म्हणणाराही. दोघांचीही सुरुवात थरांपासून झालेली नसते.

शेवटचा भाग, तीच जागा का. यात सूड शोधायची फारशी गरज नाही. खिंड, नदीचा उतार, मिठाच्या वाटा या डेशियनांना हव्या होत्या तशाच रोमनांनाही हव्या होत्या. पण पसंतीत फरक आहे. डेशियन उंच, अवघड माथा निवडत. रोमनांना हवा सपाट विस्तार, पाणी आणि गाडी जाईल असा रस्ता. रस्त्याची घाई किती होती, ते आयतोन गावी मिळालेल्या मैलाच्या दगडावरून कळतं. 108 सालीच पोटाइसा ते नापोका (आजचं तुर्दा ते क्लुज) रस्ता पूर्ण झाल्याचं त्यावर कोरलंय. बरबोशसारखी नदीवर नजर ठेवणारी टेकडी दोघांनाही सोयीची होती, म्हणून तिथे थर एकावर एक आले. मेसेशच्या खिंडीत दोघांच्या गरजा वेगळ्या ठरल्या, म्हणून तिथे दोन टेकड्या.

पुन्हा जाणार असाल तर पोरोलिसमला जा. डेशियाची सीमा 2024 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, आणि तो निर्णय झाला नवी दिल्लीतल्या बैठकीत. वस्तू बघायला झलाऊचं जिल्हा संग्रहालय जवळच आहे. तिथे 'किल्ल्यातून मिळालेला' एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या चरातून, कोणत्या थरातून, भरावातून की जमिनीवरून, हे विचारा. अभिरक्षक आनंदाने सांगतात, असाच माझा अनुभव आहे.

आणि एक कळकळीची विनंती. उतारावर खापर किंवा धातूचा तुकडा दिसला तर फोटो काढा, जागा टिपा, रखवालदाराला दाखवा, पण उचलू नका. सार्मिझेजेटुसा रेजियाच्या परिसरातून चोरांनी धातुशोधक यंत्रं लावून सोन्याची सर्पाकार कडी लुटली. त्यांपैकी 13 परत मिळवता आली आणि ती बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवली गेली. सोनं परत आलं, पण ती कडी कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंशेजारी पुरली होती ते गेलं. ती युद्धाच्या धावपळीत लपवली की त्याआधी कधी देवाला वाहिली, हे ठरवणारी मातीच चोरांनी उपसून टाकली.